अक्काचे जामीनदार

सुशीलाअक्का, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी तुझं नाव ओठांवर येतं. गेली पाच वर्षं ते आलं की मी गिळून टाकतो. आज लिहूनच टाकलं.

काल तुझं उत्तरकार्य झालं. कागलला मंगलच्या दारात मांडव होता. पंगत बसली तेव्हा तुझ्या लेकीनं मला दोनदा हाक मारली, "दादा, पान वाढलंय." मी पोट बरं नसल्याचं सांगितलं आणि चपला घातल्या. तुझ्या दारातून मी न जेवता परत फिरलो, असं यापूर्वी फक्त एकदाच झालं होतं. एस.टी.त बसल्यावर कडकडून भूक लागली. कोल्हापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मलाही बोलता येईल, माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला तुला एक विचारायचं आहे, आणि आता ते कागदावरच विचारता येईल. अक्का, तू मला जेवू घातलंस ते माझ्यासाठी, की माझ्या सहीसाठी?

नव्वद साली मी गारगोटीहून कोल्हापूरला बी.कॉम.ला आलो. वडील बाजारात हमाली करायचे. कॉलेजच्या फॉर्मवर 'पालकाची सही' या ओळीत त्यांचा अंगठा होता, आणि खिडकीतल्या क्लार्कनं तो कागद सगळ्या रांगेला दिसेल असा वर धरला होता. मंगळवार पेठेत तुझी खानावळ होती. दोन खोल्या, वीस-एक पोरं, महिन्याला दोनशे रुपये, दोन्ही वेळ. पहिले दोन महिने मी पाच तारखेच्या आत पैसे दिले. मग वडिलांची पाठ धरली, पोतं उचलवेना, आणि मनीऑर्डर थांबली. मी तुझ्याकडं यायचं बंद केलं. फुटाणे आणि पाणी यावर माणूस किती दिवस काढू शकतो, हे मी मोजत होतो. चौथ्या दिवशी तू मी राहत होतो त्या बोर्डिंगच्या दारात येऊन उभी राहिलीस, पदर खोचलेला, हाताला पीठ.

"काय रं ए गारगोटी, माझ्या भाकरीत खडं लागलं व्हय तुला?"

"तसं नाही अक्का. गावाकडं जेवून येतोय."

"चार दिवस? कुणाचं लगीन हाय म्हणं, चार दिवस पंगतच उठंना?"

पोरं हसली. मी तुला जिन्याखाली नेऊन खरं ते सांगितलं. तू पुरतं ऐकूनही घेतलं नाहीस. "मी पैशाचं इचारलं व्हय तुला? चल. आमटी थंड व्हाया लागलीया."

त्याच महिन्यात पंगतीत एक पोरगा मोठ्यानं म्हणाला, "अक्का, ह्या विलासचं पैसं कुठं आल्यात? आन् आमास्नी पाच तारीख उलटली की दम देताय!" माझा घास तोंडातच राहिला. तू चुलीवरची नजरसुद्धा हलवली नाहीस. "त्याचं वर्साचं आगाऊ आलंय. बा हाय त्याचा. तुझ्यावाणी म्हयन्याला रडत न्हाय." पुढं तीन वर्षं अख्खं बोर्डिंग मला सधन घरचा समजत होतं. किती सहज खोटं बोललीस तू! त्या वेळी मला वाटलं, देव असलाच तर तो असाच खोटं बोलत असेल.

मीही माझ्या परीनं परतफेड करायचो. मंगल तेव्हा चौथीत होती, तिचं गणित घ्यायचो. तुला सही शिकवली. पोस्टात अंगठा लावायला तुला नको वाटायचं. "शाई बोटाची जाईना झाल्यावर भाकरी निळी व्हती की," असं कारण तू द्यायचीस. परातीतल्या पिठात बोटानं तू 'सुशीला' गिरवायचीस, आणि नंतर तेच पीठ मळायचीस. पंधरा दिवसांनी जमली तेव्हा पाटीवरची सही पुसू दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी मंगल शाळेत पाटी न घेताच गेली.

पंच्याण्णव साली मला नोकरी लागली. सरकारी कचेरीत, हिशेब शाखेत, कनिष्ठ लिपिक. पहिल्या पगाराची साडी घेऊन आलो, तर तू ती अंगावर धरून गल्लीतलं प्रत्येक दार वाजवलंस. "माझा पोरगा हापिसर झाला!" मी मागून कुजबुजत होतो, "अक्का, क्लार्क." तू म्हणालीस, "गप रं. त्यास्नी काय कळतंय?"

इथवरचं सगळं मी कुणालाही डोळ्यांत पाणी आणून सांगू शकतो. पुढचं सांगताना माझे दात आवळले जातात.

दोन हजार सालच्या एका रविवारी तू मला आणि नंदाला जेवायला बोलावलंस. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. मटणाचा बेत होता. हात धुऊन मी पाटावर टेकलो तशी तू डब्यामागून एक घडी केलेला कागद काढलास. पतसंस्थेचा कर्जाचा फॉर्म. गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या आणि एक ग्राइंडर घ्यायचा होता. वीस हजार. "सरकारी पगाराचा जामीनदार लागतोय म्हणं. तुझ्याबिगर मला कोण हाय रं?"

नंदानं फॉर्म हातात घेतला. ती दहावी, मी बी.कॉम. तरी वाचला तिनंच. "अक्का, इथं रक्कम लिहिलेली नाही."

"त्ये साहेब भरत्यात."

मी नंदाकडं असं बघितलं की तिनं कागद खाली ठेवला. कचेरीत रोज माझ्या टेबलावर बिलं येतात. एक रकाना कोरा असला तरी मी परत पाठवतो. त्या रविवारी मी एक ओळ वाचली नाही. तुझ्यासमोर बसून तुझा कागद वाचायचा म्हणजे तुला चोर म्हणायचं, असं मला वाटलं. आमच्यासारख्या, कुणाच्या तरी अन्नावर शिकलेल्या पोरांकडून ही चूक हमखास होते. मी तीन ठिकाणी सही केली. त्यातली एक, हप्ते थकल्यास माझ्या पगारातून कापून घ्यावेत, या हमीपत्रावर होती. तू शेजारी तुझी सही केलीस, जीभ दातात धरून, आणि मला दाखवलीस. मला अभिमान वाटला, अक्का. तसल्या कागदावरच्या सहीचा मला अभिमान वाटला.

तीन वर्षांनी, भर दुपारी कचेरीत, रेक्झिनची पिशवी घेतलेला एक माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"पावणं, विलास शिंत्रे तुमीच न्हवं? पतसंस्थेतनं आलोय. वसुली."

"माझं कुठलंच कर्ज नाही."

"तुमचं न्हाय हो. सुशीला माने. चाळीस हजार. आठ हप्तं थकल्यात."

"चाळीस नाही. वीस."

त्यानं फॉर्मची झेरॉक्स पुढं सरकवली. आकडा चाळीसचा होता, अक्षर दुसऱ्याचं. "आकडा कुणी का घालंना, सही तुमचीच हाय न्हवं?" शाखेतल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. मी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही आधी अक्कांकडं गेला होता का?"

"गेलतो की. पत्ता त्यांनीच दिला. म्हणाल्या, आदी विलासकडं जावा. त्याचा पगार एक तारखेला हुतो. आन् त्यो न्हाय म्हणायचा न्हाय."

हे शेवटचं वाक्य त्यानं कौतुकानं सांगितलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढच्या महिन्यापासून माझ्या पगारातून अकराशे पन्नास रुपये जायला लागले. पगारवाटपाच्या दिवशी कॅशियर तो आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि कुणीतरी हमखास विचारायचं, "काय शिंत्रे, अक्का बऱ्या हायत का?"

मी त्याच आठवड्यात तुझ्याकडं आलो होतो. आठवतं ना? ते भांडण अर्धंच राहिलं. जेवायला सहा पोरं उरली होती. शेगडी तीच जुनी, भपका मारणारी.

"गॅसच्या शेगड्या कुठं आहेत?"

"घ्याच्या ऱ्हायल्या."

"मग पैसे?"

"गेलं."

"कुठं गेले, अक्का?"

"पैसं कुठं जात्यात? जितं जायचं तितं." तुझे हात भाकरीवरून थांबले नव्हते. "चार म्हयनं दम धर. मी आणून देतो तुला."

"वीस सांगितलंस आणि चाळीस काढलेस. चाळीस का नाही सांगितलेस?"

"चाळीस सांगिटलं असतं तर सही केली नसतीस व्हय?"

"केली असती."

"मग काय बिघडलं?"

 मी एवढंच म्हणालो की माझा तुझ्यावर विश्वास होता. तू भाकरी उलटलीस आणि माझ्याकडं न बघता म्हणालीस, "इस्वास इस्वास करू नगंस. तीन वर्सं माझ्या हातचं खाल्लंस, त्ये इसरलास व्हय?"

अक्का, त्या दिवसापर्यंत ते तू एकदाही तोंडातून काढलं नव्हतंस. सहीच्या रविवारीसुद्धा नाही. तेरा वर्षं मी ते अन्न देणगी समजून वाहत होतो, आणि एका वाक्यात तू त्याचं बिल माझ्यापुढं ठेवलंस. चाळीस हजारांनी मला जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. मी उठलो. दाराबाहेर पडलो तरी तुझा आवाज येत होता, "च्या पिऊन तर जा की रं!" तुझ्या घरून उपाशी परतलो ती वेळ ही.

तू ते चार महिन्यांत आणून दिलं नाहीस. एकदा कचेरीत आलीस, लाडवांचा डबा घेऊन. शिपाई सांगत आला, आणि मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन जुन्या फायली चाळत उभा राहिलो. दीड तास तू बाकावर बसली होतीस म्हणे. डबा ठेवून गेलीस. शाखेनं खाल्ला. मी घेतला नाही.

आणि मग घराचं झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. वडिलांच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, म्हणून ते येऊन राहू शकत नाहीत. फुलेवाडीच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळत होत्या. नंदानं दागिने मोडून बयाणा दिला होता. बँकेनं पगारपत्रक बघितलं, कपात बघितली, जामीनदार म्हणून थकबाकीत माझं नाव बघितलं, आणि अर्ज परत केला. बयाण्यातले निम्मे पैसेच परत मिळाले. मी गारगोटीला जाऊन वडिलांना सांगितलं. ते गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला हितंच बरं." मग तेलाची वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "त्या बाईला काय बोलू नगंस हां. तिनं तुला जगवलंय."

मी बोललो नाही. मी लिहिलं. कोल्हापूरला परत आलो त्या दिवशी तुला रजिस्टर पोस्टानं एक पत्र पाठवलं. पोचपावती आली, तिच्यावर तुझी सही होती. त्यानंतर आपण एकमेकांना पाहिलं नाही. माझे हप्ते गेल्या वर्षी संपले. तू खानावळ बंद करून मंगलकडं कागलला राहायला गेलीस, हे मला तिसऱ्याकडून कळलं. तू आजारी असल्याचंही कळलं होतं. मी आलो नाही.

तिसऱ्या दिवशी सावडायला मात्र आलो. नदीवर साधारण माझ्या वयाचे चारजण जरा बाजूला उभे होते. त्यातला एक एस.टी.चा कंडक्टर, खाकी कपड्यातच आलेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मंगळवार पेठ?"

"हो."

"कुठल्या सालचा?"

"नव्वद ते त्र्याण्णव."

"मी शहाण्णवचा. जामीन?"

मी मान हलवली.

"कितीला?"

"चाळीस."

"सुटला की लेका! माझं साठ हाय. अजून चालूच हाय." त्यानं बाकीच्यांची ओळख करून दिली. एक प्राथमिक शिक्षक, एक तलाठी, एक दवाखान्यात कंपाउंडर. तीन वेगवेगळ्या पतसंस्था. सगळे तुझ्या पंगतीतले, सगळ्यांचं 'आगाऊ आलेलं'. शिक्षक हळूच म्हणाले, "मला म्हणालत्या, तुझ्याबिगर मला कोण हाय." कंडक्टर म्हणाला, "मला बी." तलाठी नदीकडं बघायला लागला.

आम्ही पाचजण होतो, अक्का. पाच एकुलते एक.

नैवेद्य ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास झाला. भटजी म्हणाले, काही मनात राहिलं असेल, कुणीतरी बोला. मंगल बोलली, तिचा नवरा बोलला. कावळा झाडावरच. मग कंडक्टर पुढं झाला आणि स्टँडवर गाडी पुकारावी तसा ओरडला, "अक्का, ऱ्हायलेलं हप्तं आमी भरतो! खावा आता!"

मागून कंपाउंडर म्हणाला, "न भरून सांगतोस कुणाला? पगारातनंच जात्यात की."

लोक टॉवेलात तोंड घालून हसले. मंगलसुद्धा रडता रडता हसली. तुलाही हसू आलं असतं. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझे हप्ते तर संपले होते. मला एकच वाक्य देता आलं असतं, की माझ्या मनात आता काही नाही. ते खोटं ठरलं असतं, आणि तुझ्यासारखं सहज खोटं मला बोलता येत नाही.  थोड्या वेळानं कावळा आला. कुणाच्या बोलण्यानं आला ते माहीत नाही. माझ्या नक्कीच नाही.

काल मी चपला घालत होतो तेव्हा मंगल मागोमाग अंगणात आली. हातात वाढायची पळी तशीच.

"दादा, एक सांगायचं हाय. आईनं पहिलं कर्ज एक्क्याण्णव साली काढलं. किराणावाल्यानं धान्य बंद केलंतं. वीस पोरं जेवायची, त्यातली सात-आठ आगाऊवाली."

"आगाऊवाली?"

"आम्ही घरात तसंच म्हणायचो." ती ओशाळली. "सावकाराकडनं काढलं. मग त्याच्या व्याजासाठी पतसंस्थेचं. मग एकाचं काढायचं, दुसऱ्याचं भरायचं. तुमच्या चाळीसातलं घरात काय बी आलं न्हाय, दादा. आलं तसं गेलं."

म्हणजे मी चार वर्षं जे भरत होतो त्यात कुठंतरी तळाशी मीच खाल्लेले तांदूळ होते. हे ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. मला उलट जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. हे मला सांगायचं होतंस, अक्का! "विलास, तुम्हा पोरांचं धान्य अजून फिटलेलं नाही," एवढं म्हणाली असतीस तर मी फॉर्म न बघता नाही, बघून सही केली असती, आणि हप्ता स्वतः नेऊन भरला असता. वडिलांना सांगितलं असतं, नंदाला सांगितलं असतं, ताठ मानेनं कॅशियरसमोर उभा राहिलो असतो. तू मला शेगडी सांगितलीस. वीस सांगितलेस. एकटा सांगितलंस. कदाचित जेवणाचे पैसे मागायचे नाहीत म्हणून तू बाकी सगळं खोटं बोललीस. कदाचित तसं नसेलही, आणि सरकारी पगाराची पोरं हाताशी असली की बरं, एवढंच तुझ्या मनात असेल. मंगललाही ते सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

मग तिनंच माझ्या पत्राचा विषय काढला.

"ते तू वाचलंस?"

"मीच वाचून दाखवलं आईला. तिला कुठं वाचता येतंय? दोनदा वाचाय लावलं."

"काय म्हणाली?"

"कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. म्हणाली, अक्षर बघ कसं मोत्यावाणी हाय. आपल्यात कुणाचं तरी हाय का असं?"

"आणि?"

"आन् काय न्हाय. भाकरी थापायला उठली."

मी तिथून निघालो. पंगतीत बसणं मला शक्यच नव्हतं. कचेरीच्या सवयीनं त्या पत्राची नक्कल मी ठेवली होती, ती आज काढली. तुझ्याबद्दल एवढं लिहिल्यावर माझ्याबद्दलचा हा कागद लपवणं बरोबर होणार नाही. शब्दही न बदलता उतरवतो.

कोल्हापूर,
जून २००५

श्रीमती सुशीला रामचंद्र माने यांस,

स. न. वि. वि.

आपण घेतलेल्या कर्जास मी जामीनदार असल्याने माझ्या पगारातून दरमहा रु. ११५० प्रमाणे आजअखेर तेवीस हप्ते, म्हणजे एकूण रु. २६,४५० कपात झालेले आहेत. या कारणाने माझा घरकर्जाचा अर्ज नामंजूर झाला आहे, हे आपल्या माहितीसाठी कळवीत आहे.

मागील भेटीत आपण मला आपल्याकडील जेवणाची आठवण करून दिली होती. त्याबाबत खुलासा असा की, मी आपल्या खानावळीत एकूण तीस महिने जेवलो. पैकी पहिल्या दोन महिन्यांचे पैसे मी रोख दिलेले आहेत. उर्वरित अठ्ठावीस महिन्यांचे, त्या वेळच्या रु. २०० या दराने, रु. ५,६०० होतात. सणाच्या दिवशीच्या गोडाचे पैसे आपण कोणाकडूनच घेत नव्हता, म्हणून ते धरलेले नाहीत. सदर रक्कम वरील कपातीतून वळती करून घ्यावी. त्यानंतर आपले माझ्याकडे काही येणे राहत नाही. उरलेली रक्कम मी आपणाकडे मागणार नाही.

यापुढे आपण माझ्या घरी अथवा कार्यालयात येऊ नये, तसेच माझा पत्ता कोणास देऊ नये.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली असताना आपण सुमारे महिनाभर माझ्यासाठी वेगळे पथ्याचे जेवण करून बोर्डिंगवर आणून देत होता. त्याचा दर मला माहीत नाही. कळविल्यास मनीऑर्डरने पाठवीन.

कळावे.

आपला,
विलास बाळू शिंत्रे, बी.कॉम.